कॅनडाचं पिवळं लोणी आणि माझा निकाह

माझ्या निकाहाला सगळा गाव होता, फक्त मी नव्हतो. लोकांना वाटतं, बोट चुकली. बोट अजिबात चुकली नाही. ती माझ्या डोळ्यांदेखत गेली आणि मी काठाच्या पाण्यात उभा राहून रुमालही हलवला. मला अडवलं ते कॅनडातल्या लोण्याने. हसू नका, आधी ऐका.

साठच्या दशकातली गोष्ट. दुबईत दिरहम अजून जन्माला यायचा होता, आपलाच रुपया वेगळ्या रंगाचा होऊन बाजारात फिरायचा. आज अल मनखूलला जिथे आपल्या बायका लिफ्टमध्ये भाजीचे भाव बोलतात, तिथे नुसती वाळू होती. त्या वाळूच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला, आमच्या गावची खोली. खोली म्हणजे खजुराच्या झावळ्यांच्या भिंती, वर पत्रा, आणि आत रत्नागिरीकडच्या एकाच गावातले वीस-बावीस बाप्ये. ऊन असं की मासा शिजूनच जाळ्यात यायचा. आमचा भंडारी त्याला फक्त मीठ लावून वाढायचा. हा भंडारी तीस वर्षं जहाजावर आचारी होता आणि जमिनीवर आल्यावरही चालताना डुलायचा.

खोलीचा एक रिवाज होता. गावी जायची रजा साहेब देत नसे, खोली देत असे. कारण सरळ आहे. एक माणूस गेला की त्याच्या जागी दोन महिने गावचाच बदली माणूस बसवायचा, नाहीतर ती नोकरी दुसऱ्या गावाच्या घशात जायची. म्हणून शुक्रवारी जुम्मा झाला की खोली बसायची. मध्ये सारंगचाचा. हे पूर्वी जहाजावर खलाशांचे मुकादम होते. त्यांची मिशी एवढी होती की वारा आला तर आम्ही त्यांना धरून ठेवायचो. चाचा विचारायचे, "कोण चाललाय? बदली कोण? कबूल?" सगळे म्हणायचे, "कबूल." चहा निवायच्या आत काम खलास.

आणि खोलीचा शब्द मोडून कुणी गेलाच, तर त्याच्या घरच्या कार्याला गावची जमात पाऊल टाकत नसे. ज्याला लग्नासाठीच जायचंय त्याने खोलीचा शब्द मोडून कसं जायचं, सांगा. जमातच नाही तर मांडवात काय मी आणि काझी दोघेच बसणार?

मी एका कॅनेडियन इंजिनियर साहेबाकडे टायपिस्ट होतो. खोलीत इंग्रजी वाचणारा एकटाच, म्हणून सगळे मला बाबू म्हणत. एके दिवशी साहेब नाचतच ऑफिसात आला. त्याचा बाप तिकडे एका प्रांताच्या विधानसभेत नवा निवडून आला होता, आणि बापाचं पहिलं भाषण छापून आलं होतं. त्या एका दिवसाचं सभेचं सगळं कामकाज, पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या शब्दापर्यंत, एका जाड पुस्तिकेत. साहेबाने मला ती वाचायला दिली, म्हणजे जवळजवळ हुकूमच केला. मी घरी आणली. खोलीत तेव्हा करमणुकीला काय होतं? रेडिओ अर्धा वेळ खरखर करायचा आणि उरलेला अर्धा वेळ भंडारी बोलायचा. मी ती पुस्तिका वाचून दाखवायला लागलो.

आता मी वाचायला बसलो की छापलेलंच वाचेन, असा माझा स्वभाव नाही. पण खरं सांगतो, त्या दिवसाच्या कामकाजात मला फार भर घालावी लागली नाही. सकाळी प्रार्थना. मग गॅलरीत आलेल्या शाळेच्या पोरांचं स्वागत. मग एकाने विचारलं, आमच्या नदीवरची फेरीबोट कधी सुरू होणार? मंत्री म्हणाला, विचार चालू आहे. विचार किती वर्षं चालू आहे? त्याचाही विचार चालू आहे. एक दुसऱ्याला खोटारडा म्हणाला. सभापती म्हणाले, शब्द मागे घ्या. त्याने घेतला, आणि तोच अर्थ तीन मोठ्या शब्दांत पुन्हा सांगितला. लोक बाकं बडवू लागले.

आणि मग मुख्य विषय: लोणी. तिकडे तेलापासून एक नकली लोणी बनतं, मार्गारीन म्हणतात. ते पांढरंफटक असतं. त्याला खऱ्या लोण्यासारखा पिवळा रंग देऊ द्यावा की नाही, यावर दिवसभर वाद. साहेबाचा बाप गाईम्हशीवाला माणूस, तो कडाडला: नकलीला असलीचा रंग चढवून गिऱ्हाइकाच्या ताटात वाढायचं, ही फसवणूक आहे! बाकं बडवली गेली. दुसरा उठला: गरिबाने काय पांढरंच खायचं जन्मभर?

खोलीचे दोन तुकडे झाले. भंडारी म्हणाला, "फसवणूकच. मी डोळे बांधून सांगतो कुठलं तूप आहे." सारंगचाचा म्हणाले, "तू डोळे बांधूनच स्वयंपाक करतोस." त्या दिवशी जेवण लागायला उशीर झाला आणि कुणी तक्रारसुद्धा केली नाही.

ही बाधा तिथेच उतरली असती तर बरं होतं. पण पुढच्या शुक्रवारी बसतो तर बघतो, वरच्या मोहल्ल्याची माणसं उजव्या चटईवर आणि खालच्या मोहल्ल्याची डाव्या. आमच्या गावात हे दोन मोहल्ले फार जुन्या काळापासून एकमेकांच्या विहिरीला नावं ठेवत आलेत. आता त्यांना सरकार आणि विरोधी पक्ष असे हुद्दे मिळाले. बडवायला बाकं नव्हती, म्हणून प्रत्येकाने आपली पत्र्याची पेटी पुढ्यात ओढून घेतली. बावीस पेट्या एकदम वाजल्या की खाडीपलीकडच्या देरा वस्तीत लोक दारं लावून घ्यायचे. वरच्या मोहल्ल्याचे पुढारी सारंगचाचा. खालच्याचे आमचे शिंपी मास्टर. आणि सभापती? पुढे काय करायचं ते पुस्तिकेत बघून सांगणारा पाहिजे, म्हणून मी. मला चहाच्या खोक्यावर बसवलं, वर चाचांचा काळा कोट घातला. त्या उन्हात काळा कोट! मी आतून आमटीसारखा उकळत होतो.

मजेमजेत दोन-तीन शुक्रवार गेले. आणि मग माझ्या निकाहाची तारीख आली.

घरून निरोप आला: शाबानच्या अखेरीला निकाह. पुढे रमजान, आणि रमजान संपायच्या आत मुलीच्या बापाला जहाजावर रुजू व्हायचं, मग तो वर्षभर येत नाही. म्हणजे आत्ता नाही तर पुढल्या साली. मुलगी मी एकदाच पाहिली होती, तीही विहिरीवर, पाठमोरी. पण पाठमोरी अशी उभी होती की तेवढ्यावर मी वर्षभर टायपिंग चुकत होतो. बोट मंगळवारची. त्याआधी एकच शुक्रवार. मला धास्ती अशी मुळीच नव्हती, कारण विरोधी पक्षाचे पुढारी, शिंपी मास्टर, हे त्याच मुलीचे सख्खे मामा! माझी शेरवानी तेच शिवत होते.

शुक्रवारी सारंगचाचा उभे राहिले. "सभापतीसाहेब, बाबूला दोन महिने रजा द्यावी. पोराचा निकाह आहे. बदली म्हणून मी बसेन." उजव्या पेट्या वाजल्या. डाव्याही दोन-चार वाजल्या. मी मनात बोटीवर चढलोसुद्धा.

मामू उभे राहिले. गळ्यात टेप, कानावर खडू. "सभापतीसाहेब, मुलीचा मामा म्हणून मला खुशी आहे. अल्ला जोडी सुखी ठेवो. आता विरोधी पक्ष म्हणून बोलतो."

मी खोक्यावर सावरून बसलो.

"बाबूच्या खुर्चीवर बसून करायचं काय? इंग्रजी टायपिंग. चाचांना इंग्रजी येतं का?"

चाचा उसळले. "चाळीस वर्षं इंग्रज कप्तानाच्या हाताखाली काढली मी!"

"त्या शिव्या झाल्या चाचा."

"ऑफिसात दुसरं काय बोलतात?"

पेट्या वाजल्या. मी म्हणालो, "शांतता!" मामूंनी माझ्याकडे अदबीने मान लववली आणि पुढचं वाक्य असं टाकलं की माझं नशीब तिथेच फाटलं.

"नकली लोण्याला पिवळा रंग द्यायचा, आणि चाचांना टाय बांधून बाबूच्या खुर्चीवर बसवायचं, या दोहोंत फरक काय? साहेब गिऱ्हाईक आहे. एक दिवस चाखून बघेल. नकली आहे कळलं की दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी परक्या गावचा क्लार्क आणेल. खुर्ची गेली ती गेली. मग बाबू परत येऊन करील काय, कपडे इस्त्री?"

खरं सांगू? मुद्दा बिनतोड होता. शत्रूने केला असता तर मी पेटी वाजवली असती.

"हरकत!" भंडारी ओरडला. तो सरकारच्या चटईवर होता आणि माझ्याच बाजूने बोलायला उठला होता. "चाचांना लोणी म्हणणं हे सभेला शोभत नाही. शब्द मागे घ्या."

"मी चाचांना लोणी म्हटलं नाही. नकली लोणी म्हटलं."

"मग तर अजून मागे घ्या!"

तिथून गाडी लोण्यावर गेली ती परत आलीच नाही. एक म्हणाला, रंग दिल्याने चव बदलत नाही. दुसरा म्हणाला, बदलते. त्याच्या मावशीने केशर म्हणून हळद वाढली होती तेव्हा अर्धी वरात आजारी पडली. वरात म्हटल्यावर मला वाटलं, आता माझ्यावर येतील. नाही. त्या मावशीवर गेले. ती वरच्या मोहल्ल्याची की खालच्या, यावर दोन्ही चटया उठून उभ्या राहिल्या.

मी खोक्यावरून म्हणालो, "मला दोन शब्द बोलायचेत."

"हरकत!" या वेळी दोन्ही बाजूंनी एकदम. पहिल्यांदाच सरकार आणि विरोधी पक्ष एक झाले. मामूंनी पुस्तिका उघडून माझ्यासमोर धरली. "सभापती वादात बोलतो का? दाखव कुठे बोललाय. तूच वाचून दाखवलंस ना?"

बोलला नव्हता. तो भला माणूस अख्ख्या दिवसात "शांतता" आणि "शब्द मागे घ्या" याखेरीज काही बोललेला नव्हता.

"मग मी खोक्यावरून उतरतो," मी म्हणालो.

"तो उतरला का?"

तोही नव्हता उतरला. मग मी "शांतता" एवढंच म्हणत राहिलो. किती परींनी म्हणालो! विनवून म्हणालो, दरडावून म्हणालो, रडकुंडीला येऊन म्हणालो. माझी मंगळवारची बोट, माझी पाठमोरी मुलगी, जहाजावर निघालेला सासरा, सगळं मी त्या एका शब्दात कोंबलं. समोर वीसेक माणसं माझंच लग्न बोलत होती, आणि माझा आवाज तेवढा कामकाजाबाहेर. घाम कोटातून ठिबकून खोक्याखाली तळं झालं. मी फुगवून सांगतो असं समजा, पण खोकं पुढे कुजलं हे खरं आहे.

ऊन उतरलं. मगरिबची अजान झाली. सगळे थांबले. मामूंनी पुस्तिकेचं शेवटचं पान काढलं. तिथे काय झालं होतं ते सगळ्यांना पाठ होतं: लोण्याचा निकाल लागलाच नव्हता. सहा वाजले, सभा तहकूब, उरलेला वाद पुढच्या बैठकीत. पुढच्या बैठकीची पुस्तिका साहेबाकडे आलीच नव्हती, त्यामुळे त्या लोण्याचं काय झालं हे आम्हाला कधीच कळलं नाही.

"सभा तहकूब करावी," मामू म्हणाले.

"कबूल," सगळे म्हणाले. भंडारीसुद्धा. नमाजाची वेळ झाली होती, कोण नाही म्हणणार?

"अरे, मंगळवारी बोट आहे!" मी ओरडलो.

"आता बोल," भंडारी कळवळून म्हणाला. "आता सभा नाही, कितीही बोल."

मशिदीकडे जाताना मी सारंगचाचांचा हात धरला. "चाचा, तुम्ही नुसतं जा म्हणा. पूर्वी म्हणायचात तसं."

चाचा चालता चालता थांबले. एवढ्या मिशीचा माणूस, पण त्या वेळी ती मिशी कुणीतरी उधार दिल्यासारखी दिसत होती. "पूर्वी मी जा म्हटलं असतं, तर तू आत्ता पेटी बांधत असतास," ते म्हणाले. "आता मी म्हटलं तर मास्टर विचारेल, सभा बसली होती का? काय सांगू त्याला? माझ्या हातात आता एवढंच आहे की उभं राहायचं आणि खाली बसायचं."

शनिवार, रविवार, सोमवार मी एकेकाला गाठलं. भंडाऱ्याला चुलीपाशी, कुणाला गोदीवर, कुणाला अब्र्याच्या होडीतून खाडी ओलांडताना. आणि गंमत बघा, एकही माणूस नाही म्हणेना! "जा ना बाबू, निकाह आहे, नाही कोण म्हणतंय?" मग खोलीत तसं सांग. "मी एकटा सांगून काय होणार? सभा बसली पाहिजे." मग सभा बसवा. "शुक्रवारी." शुक्रवारी बोट गेलेली असेल! "हां," ते डोकं खाजवायचे, "ते वाईट झालं."

मामूंच्या दुकानात गेलो तर त्यांनी मला उभं करून शेरवानीचे खांदे मापले. तोंडात टाचण्या धरून म्हणाले, "दंड भरलाय तुझा. शिवण सोडावी लागेल."

"मामू, शेरवानी घालून मी बसू कुठे? इथे, तुमच्या मशीनपाशी?"

टाचण्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. "माझी भाची आहे ती. तुझ्यापेक्षा मला जास्त लागलंय. पण त्या खुर्चीवर तू परत नाही बसलास तर ती खाणार काय? हे मी नाही विचारायचं तर कुणी विचारायचं?"

खोक्यावर नव्हतो, तरी बोलता आलं नाही.

तोड शेवटी काझीच्या कायद्यात निघाली, आणि ती चाचांनीच काढली. जहाजावरच्या लोकांचे निकाह असेही होतात: नवरा हजर नसेल तर दोन साक्षीदारांसमोर तो आपला वकील नेमतो, आणि तो वकील मांडवात त्याच्या वतीने कबूल म्हणतो. आमच्या खोलीतली दोन माणसं, ज्यांची रजा लोण्याच्या आधीच मंजूर झाली होती, मंगळवारच्या बोटीने जाणारच होती.

मोठी बोट बाहेर दर्यात उभी राहायची. माणसं लाँचने तिच्यापर्यंत जायची. मंगळवारी सकाळी खाडीच्या काठावर लाँचचं इंजिन फटफट करत होतं, गाठोडी फेकली जात होती, अरबी नाखवा "यल्ला! यल्ला!" करत होता. ते दोघे लाँचमध्ये उभे. चाचा माझ्या कानात ओरडत होते, "बोल, मोठ्याने बोल!"

"माझ्या चुलत्याला मी माझा वकील करतो!" मी ओरडलो. "माझ्या वतीने त्यांनी निकाह कबूल करावा!"

"काय?" लाँचमधला एक कानावर हात ठेवून ओरडला.

मी पुन्हा ओरडलो. नाखव्याने दोर सोडला. मी गुडघाभर पाण्यात उतरून तिसऱ्यांदा ओरडलो. माझ्या लग्नातलं माझं सगळं बोलणं एवढंच, आणि तेही ज्याला वकील करायचं त्याला नाही, दोन निरोप्यांना. दोघांनी हात वर केले. ऐकू आल्याचे, की निरोपाचे, कोण जाणे. मीही रुमाल हलवला.

दुसऱ्या दिवशी साहेबाने विचारलं, तोंड का उतरलंय? मी सगळं सांगितलं. साहेबाचे डोळे मोठे झाले. "दोन महिने? एवढंच? अरे, मला सांगायचं. मी माझी पत्रं स्वतः टाइप केली असती. बदली कशाला?"

हे मी खोलीत कुणालाच सांगितलं नाही. चाचांना तर नाहीच.

निकाहाच्या अंदाजाने जो शुक्रवार आला, त्या शुक्रवारी भंडाऱ्याने बिर्याणी केली. खऱ्या तुपाची, हे त्याने प्रत्येकाला स्वतंत्र सांगितलं. मोठी थाळी मध्ये आली, चटया जोडल्या गेल्या, सरकार आणि विरोधी पक्ष एकाच थाळीभोवती मांडी घालून बसले. मामूंनी मला शेरवानी चढवली. चाचांनी पहिला घास उचलला आणि म्हणाले, "चला, मुबारक म्हणा दुल्ह्याला."

"थांबा," मामू म्हणाले. "निकाह झाल्याची खबर कुठे आलीय? खबर नसताना मुबारक कसं म्हणायचं?"

"आज झाला असणारच," भंडारी म्हणाला.

"असणार म्हणजे झाला का? काझी आजारी पडला असेल. बोटीला उशीर झाला असेल. ते दोघे निरोप विसरले असतील."

"मग उद्या म्हणू."

"उद्या तरी खबर येणार आहे का?"

कुणीतरी पेटी ओढली. बिर्याणी निवू लागली. मी शेरवानीत, घामाने चिंब, एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "सभापती काय म्हणतात?" आणि दोन-तीन जण लगेच ओरडले, "हरकत!"

खबर पुढे रमजानात आली, दुसऱ्या बोटीच्या एका खलाशाच्या तोंडी. निकाह गुरुवारीच उरकला होता. सासऱ्यांची घाई होती. चुलते कबूल इतक्या जोरात म्हणाले होते की बायका म्हणे आतल्या खोलीत दचकल्या. म्हणजे शुक्रवारी ती माणसं बिर्याणीसमोर हात वर करून मोजत होती, मला मुबारक म्हणावं की थांबावं, तेव्हा मी नवरा होऊन एक दिवस झाला होता. मला तेवढं ठाऊक असतं तरी काय केलं असतं? शांतता म्हणालो असतो.